बाळ झोपणार कुठे: पाळणा, झोळी की आईची कूस?

बाळंतपणाच्या तयारीत दुपटी किती लागतील, टोपडी कोण शिवणार, डिंकाचे लाडू कधी वळायचे याचा हिशोब सातव्या महिन्यापासून सुरू होतो. बाळ रात्री नेमकं कुठे झोपणार हा विषय मात्र दवाखान्यातून घरी आल्यावर, त्याच रात्री निघतो. आजी म्हणते, आईच्या कुशीत, दुसरं कुठे? मामाने हौसेने लाकडी पाळणा आणून ठेवलेला असतो. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी साडीची झोळी बांधून द्यायला तयार असतात. तेवढ्यात न्यू जर्सीहून मावसबहिणीचा व्हॉइस मेसेज येतो, "अगं, अंथरुणात अजिबात घेऊ नकोस हं, इथे डॉक्टर ओरडतात."

यातलं कुणीच खोटं बोलत नाही. पण प्रत्येक जण फक्त जागेचं नाव सांगतंय. पाळण्यातही बाळ धोक्यात असू शकतं आणि आईशेजारीही सुरक्षित असू शकतं. नाकासमोर काय येतंय, मान कशी राहतेय आणि शेजारी कोण, कोणत्या अवस्थेत झोपलंय, यावर सगळं ठरतं.

भीती नेमकी कशाची?

दोन गोष्टींची, आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते. पहिली सरळ अपघाताची: बाळ मोठ्या माणसाच्या अंगाखाली येणं, उशीत किंवा रजईत नाक दबणं, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अडकणं. दुसरी जास्त गूढ. संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेलं बाळ झोपेत दगावतं आणि शवविच्छेदन करूनही कारण सापडत नाही. याला 'सिड्स' म्हणतात. हे एक वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये होतं, त्यातही बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत, आणि सगळ्यात जास्त दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात.

कारण सापडत नसलं तरी हे कसं घडत असावं, याचा बराच उलगडा झाला आहे. १९९४ साली फिलियानो आणि किनी या दोन अमेरिकी डॉक्टरांनी मांडलेली कल्पना आजही वापरात आहे. तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या की घात होतो: आतून थोडं नाजूक असलेलं बाळ, वाढीचा नाजूक काळ आणि बाहेरून आलेला ताण. बाळाच्या तोंडावर पांघरूण आलं की ते स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेऊ लागतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो. बहुतेक बाळं अशा वेळी झोपेतून चाळवतात, मान वळवतात, रडतात. काही बाळांची ही जागं होण्याची यंत्रणा मेंदूच्या बुंध्यातच कच्ची असते. ती चाळवत नाहीत. आपलं बाळ यातलं आहे का, हे बाहेरून बघून कळत नाही. वयही आपल्या हातात नाही. उरतो तो बाहेरचा ताण, म्हणजे झोपण्याची जागा. सगळी खबरदारी तिथेच घ्यायची ती यामुळे.

प्रमाणाचं भानही असू द्यावं. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली भारतात दर हजार जन्मांमागे २८ बाळं वर्षाच्या आत दगावली, महाराष्ट्रात १६. देशातल्या त्या २८ पैकी २० पहिल्या महिनाभरातच गेली, आणि त्यामागची मोठी कारणं म्हणजे अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग आणि जन्मताना श्वास कोंडणं. झोपेतला मृत्यू हा या सगळ्याच्या मानाने दुर्मिळ. घाबरून रात्रभर बाळाकडे टक लावून बसायची गरज नाही. पण जे टाळणं फुकट आहे ते टाळायला काय हरकत?

उताणंच का?

सगळ्यात मोठा फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. पाश्चात्त्य देशांत काही दशकं डॉक्टरच सांगत होते की बाळाला पालथं झोपवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंडमध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात पालथं झोपवणं हाच मोठा धोका निघाला. ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू केली. अमेरिकेत पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू निम्म्यावर आले. कुठलं औषध नाही, कुठलं यंत्र नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत तान्ह्या बाळाला उताणंच निजवतात. या बाबतीत आज्या त्या काळातल्या परदेशी पुस्तकांच्या पुढे होत्या.

तरीही घरोघरी एक शंका असतेच: दूध उलटलं तर? त्यासाठी बाळाच्या गळ्यात काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. श्वासनलिका पुढच्या बाजूला असते, अन्ननलिका तिच्या मागे, मणक्याला लागून. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. पोटातून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर वर चढावं लागतं, आणि ते बहुधा पुन्हा गिळलं जातं किंवा ओठाच्या कडेने ओघळतं. बाळ पालथं केलं की क्रम उलटतो. अन्ननलिका वर, श्वासनलिका खाली. आता दूध खाली ओघळलं तर थेट श्वासाच्या वाटेवर. म्हणजे ज्या भीतीने पालथं घालायचं, ती भीती पालथं घातल्यावरच खरी ठरण्याची शक्यता जास्त.

कुशीवर झोपवणं हा मधला मार्ग वाटतो, पण तान्हं बाळ कुशीवर टिकत नाही. ते पुढे कलंडतं आणि पालथं होतं. ढेकर काढा, मग उताणं ठेवा. जागं असताना, आपण समोर असताना दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं जरूर घाला. त्याने मान धरायला मदत होते आणि डोकंही एका बाजूने चपटं होत नाही.

डोक्याचा विषय निघालाच आहे तर मोहरीच्या उशीबद्दल. डोकं गोल व्हावं म्हणून ती घराघरांत शिवली जाते, बाजारात तयारही मिळते. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी नको, मोहरीचीही नाही. डोक्याचा आकार बाळ मान फिरवू लागलं, बसू लागलं की बहुतेक वेळा आपोआप सुधारतो. फारच चपटेपणा वाटला किंवा मान एकाच बाजूला राहत असेल तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

झोळी, पाळणा आणि छत्रीवाली मच्छरदाणी

झोळीत बाळ इतकं पटकन झोपतं की तिच्याविरुद्ध बोलणं घरात कुणालाच आवडत नाही. पण झोळीत बाळ कसं असतं ते बाजूने, कापड सारून बघा. पाठ धनुष्यासारखी वाकलेली असते. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मागे फुगीर, मान अगदी लुळी. त्यामुळे हनुवटी छातीवर टेकते. या वयात श्वासनलिका शीतपेयाच्या स्ट्रॉइतकी बारीक आणि मऊ असते. दुमडली की हवा अडते, आणि अडताना आवाजही होत नाही. त्यात कापड दोन्ही गालांना लागून, आत ऊब कोंडलेली, आणि बाहेरून चेहरा दिसत नाही.

म्हणून झोळी रात्रभरासाठी नको. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं मावत नसतील तर दिवसाही नको. अर्थात, उसाच्या फडात किंवा बांधकामावर काम करणाऱ्या आईने झाडाला झोळी बांधली तर तिला कुणी शहाणपण शिकवू नये. जमिनीवर मुंग्या, विंचू आणि ऊन आहे. तिथे झोळी हाच कमी धोक्याचा पर्याय. तिच्यासाठी सांगण्यासारखं एवढंच: कापड रुंद पसरून बांधावं म्हणजे तळ कमी वाकतो, चेहरा उघडा राहावा, आणि मोठं भावंड जोरजोरात झोके देत नाही ना याकडे कुणीतरी लक्ष ठेवावं. घरात सपाट जागा असताना मात्र झोळीत झोप लागलेलं बाळ उचलून खाली ठेवणं बरं.

लाकडी पाळणा त्या मानाने चांगला, कारण तळ सपाट. गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग निसटून डोकं अडकू शकतं. जुना, आजोबांच्या वेळचा पाळणा काढला असेल तर हे पट्टीने मोजाच, कड्या आणि साखळ्याही तपासा. बारशाला पाळणा सजवतात तेव्हा फुलं, झालर, चिमणाळं, लोड सगळं हवंच. फोटो झाले की ते सगळं बाहेर. रात्री पाळण्यात गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि बाळ, बस. रात्री पाळणा हलता ठेवू नका.

बाजारात मिळणारी ती छोटी गुबगुबीत गादी, जिच्यावर छत्रीसारखी मच्छरदाणी उघडते, ती बहुतेक घरांत भेट म्हणून दोन-दोन येतात. मच्छरदाणी उत्तम. गादी अनेकदा फार मऊ असते आणि सोबत एक उशी, कधी दोन लोडही येतात. उशी-लोड मोठ्यांच्या कपाटात ठेवून द्या. गादी हाताने दाबून बघा: हात काढल्यावर खड्डा राहत असेल तर तिच्यावर झोपवू नका, नुसती जाळी कडक गादीवर ठेवून वापरा. जाळी बाळाच्या तोंडावर लोंबणार नाही एवढी ताठ हवी.

दूध उलटतं म्हणून डोक्याकडची बाजू उंच करण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. अमेरिकेत उतरती गादी असलेले झोपाळे अशाच समजातून लाखोंनी विकले गेले, बाळं दगावल्यावर २०१९ मध्ये परत मागवले गेले आणि २०२२ मध्ये कायद्यानेच बंद झाले. उतारावर बाळ घसरतं, हनुवटी छातीवर येते. गोष्ट पुन्हा झोळीचीच.

आईची कूस

खरा वाद इथे आहे, आणि तो डॉक्टरांमध्येही आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, पहिले सहा महिने तरी बाळ आईच्या खोलीत असावं, पण वेगळ्या अंथरुणावर. २०१३ साली पाच मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून निष्कर्ष निघाला की आईवडील धूम्रपान करत नसले तरी तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एका अंथरुणावर घेण्यात धोका वाढतो. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलच्या संशोधकांनी दाखवलं की सोफा, दारू आणि सिगारेट वगळली तर तसा धोका दिसत नाही. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये सरसकट मनाई करण्याऐवजी, आई अंगावर पाजत असेल आणि इतर धोके नसतील तर सुरक्षितपणे जवळ कसं झोपायचं ते सांगावं, अशी भूमिका घेतली. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात दक्षिण आशियाई कुटुंबांत बाळाला जवळ घेऊन झोपण्याची पद्धत जास्त, तरी असे मृत्यू गोऱ्या ब्रिटिश कुटुंबांपेक्षा कमी. फरक कुठे होता? त्या घरांतल्या आया सिगारेट-दारू फारशा घेत नव्हत्या आणि बाळाला घेऊन सोफ्यावर झोपण्याचं प्रमाणही कमी होतं.

मग आजीचंच खरं? थांबा. आजी ज्या कुशीबद्दल बोलते तिच्याखाली जमिनीवर घातलेली, वापरून वापरून बसलेली कापसाची गादी होती, वर सुती लुगडं किंवा पातळ गोधडी, शेजारी एकटी बाळंतीण. नात आज झोपते ती वीतभर जाडीच्या स्प्रिंगच्या किंवा फोमच्या गादीवर, जमिनीपासून दोन फूट उंच पलंगावर, एसी लावून, फुगीर रजई घेऊन, चार उशा आणि शेजारी नवरा. कूस तीच, पण खालचं अंथरूण पार बदललं. परदेशातले डॉक्टर ज्या अंथरुणाला घाबरतात, ते आता पुण्या-ठाण्यातल्या प्रत्येक बेडरूममध्ये आहे. माझ्या मते आजीची रीत चालवायची असेल तर आजीची गादीही चालवावी.

काही घरांत मात्र बाळाला शेजारी घेऊन झोपूच नये. घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल, किंवा आईने गरोदरपणात ओढली असेल तर. शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा गुंगी आणणारं औषध घेतलं असेल तर. सिझेरियननंतर वेदनाशामक चालू असतील तर डॉक्टरांना गुंगीबद्दल विचारून घ्या. बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल तर. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन नोंदलेल्या बाळांपैकी जवळपास १८ टक्के अडीच किलोच्या आतली होती. आणि मिश्री लावणं म्हणजे तंबाखूच, हेही इथेच सांगायला हवं. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात, तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली होती.

कमी वजनाच्या बाळाला 'कांगारू' पद्धतीने छातीशी धरायला दवाखान्यात सांगतात, मग हे कसं? तिथे बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला वळवलेली, कापडाने नीट बांधलेलं असतं. आई टेकून बसलेली किंवा अर्धवट आडवी असते आणि हे सगळं नर्सने शिकवलेलं असतं. याचा फायदा सिद्ध आहे: दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मताच कांगारू सुरू केलेल्या बाळांचे मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले. शेजारी आडवं घेऊन गाढ झोपणं ही त्याहून वेगळी गोष्ट.

आता सगळ्यात धोक्याची जागा, जिचं नाव घरातल्या चर्चेत कुणीच घेत नाही: सोफा. पलंगावर घ्यायचं नाही असं ठरवलेली आई रात्री तीनला उठते, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजायला बसते. पाजताना शरीरात जी संप्रेरकं सुटतात ती आईलाही झोप आणतात. तिचा डोळा लागतो, बाळ पाठीच्या गादी आणि तिच्या दंडाच्या मधे सरकतं. सोफ्यावर बाळासह झोपण्याचा धोका पाळण्यापेक्षा सुमारे पन्नास पट असल्याचं ब्रिटनमधल्या संस्था सांगतात. म्हणून जवळ झोपवायचं की नाही याचं उत्तर काहीही असो, पाजताना डोळा लागणारच असं धरून जागा तयार ठेवा.

ती जागा अशी. पलंगापेक्षा जमिनीवरची कडक गादी बरी, आणि तीही भिंतीपासून चांगली दूर ओढलेली, म्हणजे फट राहत नाही. कापसाची गादी नुकतीच पिंजून आणली असेल तर ती फुगीर असते. ती मोठ्यांनी वापरून बसवावी, बाळासाठी जुनीच घ्यावी. बाळ आईच्या छातीच्या पातळीवर, तिच्या उशीपासून लांब, उताणं. आई त्याच्याकडे तोंड करून, गुडघे थोडे वर घेऊन. तिचं पांघरूण तिच्या कमरेपर्यंत, बाळाचं वेगळं. नवरा आईच्या पलीकडे, दोघांच्या मधे बाळ नको. थोरलं भावंड कितीही गोड असलं तरी त्याची जागा त्या रात्री बाबांच्या बाजूला. आईचे केस बांधलेले, मंगळसूत्र काढून ठेवलेलं. बाळाच्या गळ्यात काळा दोरा किंवा ताईत नको. बांधायचाच असेल तर करगोटा कमरेला.

दोन्हीचा मेळ घालायचा एक छान मार्ग न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी काढला. तिथल्या हाराकेके नावाच्या झाडाच्या पात्यांची विणलेली, सपाट तळाची टोपली, वहाकुरा. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची आणि बाळ तिच्यात. हाताच्या अंतरावर आई, तरी बाळाची जागा स्वतःची. पलंगाला लागून ठेवायचा, एक बाजू उघडी असलेला छोटा पाळणा आपल्याकडे मिळतो तो हेच काम करतो, मधे फट राहणार नाही एवढा घट्ट बांधला तर.

ऊब आणि धूर

बाळ गार पडू नये ही काळजी खरी आहे, विशेषतः पहिल्या आठवड्यात आणि वजन कमी असेल तर. पण मे महिन्यात चंद्रपूरला टोपडं, अंगडं, मोजे आणि वर दोन दुपटी हा अतिरेक. बाळ जास्तीची ऊब बरीचशी डोक्यातून बाहेर टाकतं, त्यामुळे धडधाकट बाळाला उबदार घरात झोपताना टोपडं नको. तळहात गार लागले म्हणून घाबरू नका. पोट आणि तळपाय हाताच्या मागच्या बाजूने बघा: दोन्ही कोमट तर ठीक, पोट कोमट पण पाय गार तर एक थर वाढवा किंवा अंगाशी घ्या, दोन्ही गार तर ताबडतोब छातीशी धरून डॉक्टरकडे. मान घामेजलेली असेल तर एक थर काढा. पंखा, एसी चालतो, झोत थेट अंगावर नको.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून दार लावून झोपणं मात्र जीवघेणं आहे, बाळंतिणीलाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओवा-वावडिंगाची धुरी द्यायचीच असेल तर रिकाम्या खोलीला द्या, दारं-खिडक्या उघडून धूर जाऊ द्या, मग बाळाला आत न्या. डासांच्या कॉइललाही हेच लागू. मच्छरदाणी असताना कॉइल लागते कशाला?

गावात आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळ घरीच जन्मलं असेल तर सात वेळा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात सेवेने बाळमृत्यू किती कमी होऊ शकतात हे दाखवलं, त्यातून ही योजना देशभर पोचली. आशाताई वजन आणि तापमान बघते, पण झोपायची जागा दाखवल्याशिवाय तिलाही कळत नाही. तिला बाहेरच्या ओसरीवर चहा देऊन परत पाठवू नका, आत नेऊन गादी दाखवा.

आणि ही व्यवस्था कायमची नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ कूस वळायचा प्रयत्न करू लागलं की दुपट्यात हात घट्ट लपेटणं त्याच दिवशी बंद, कारण पालथं झालेलं आणि हात बांधलेलं बाळ तोंड वळवू शकत नाही. दोन्ही बाजूंनी आपलं आपण वळता येऊ लागल्यावर झोपवताना उताणंच ठेवायचं, पण रात्री ते स्वतःहून पालथं झालं तर दर वेळी उठून सरळ करत बसू नये. हातांवर जोर देऊन उठू लागलं की कमी कठड्याचा पाळणा उतरवून ठेवा, आणि पलंगावर झोपवत असाल तर गादी जमिनीवर घ्या.